डोणगावला बसलेला बैल

आमचं आडनाव जिल्ह्यात दोनच गावांत सापडतं. देऊळघाटला आमची घरं आणि तिकडे डोणगावला काही. नवीन माणूस ते दोनदा विचारतो, तिसऱ्यांदा लिहूनच मागतो.

एका लग्नाच्या पंगतीत कोणीतरी विचारलं, "दोनच गावांत काऊन हो?" मला 'माहीत नाही' म्हणता येत नाही, हा जुना आजार. मठ्ठ्याचा घोट घेता घेता मी सांगून टाकलं: दुष्काळात दोघे सख्खे भाऊ गोदावरीकाठाहून बैलगाडीनं निघाले, डोणगावला बैल बसला, धाकटा तिथंच राहिला, थोरला देऊळघाटला आला. पंगत खूश. मीही. पुढं दर लग्नात फर्माईश होऊ लागली.

मग डोणगावचे एक म्हातारे वारले. आमच्या मोठ्या काकांनी हुकूम सोडला, "भाऊबंद हायेत, सुतक धरा." दहा दिवस देवपूजा बंद. मी तर केससुद्धा काढले. तसे फार उरलेही नव्हते.

यंदा मुलीनं सांगितलं, लग्न ठरवलंय. मुलगा पुण्यात तिच्याच ऑफिसात, मूळ डोणगावचा. "आडनाव सारखं म्हणून तर ओळख झाली, बाबा."

आमच्यात भाऊबंदांत सोयरीक होत नाही. तिला घेऊन मी काकांपुढं बसलो आणि कबूल केलं की गोष्ट माझीच, पंगतीत रचलेली.

काका हसले. "पोरीसाठी खोटं बोलून राह्यला बे तू."

"नाही हो काका, खोटं तेव्हा बोललो होतो."

"मंग सुतक काऊन धरलं आपण? परक्याचं सुतक धरते का कोणी?" आणि मुलीकडं वळून त्यांनी तिला सगळं पहिल्यापासून सांगितलं. बैल पांढरा होता, डावं शिंग मोडलेलं. हे मी कधीच सांगितलं नव्हतं. त्यांनी इतकं छान सांगितलं की माझाही क्षणभर विश्वास बसला.

मग आम्ही दोघं डोणगावला गेलो. मुलाच्या घरीही तेच. त्याच्या आजीनं तर बैल बसला ती जागा दाखवली.

परतीच्या बसमध्ये मी म्हणालो, "कोर्टात करू लग्न. मी सही करतो."

"आणि मग त्या घरात मला सून कोण म्हणणार, बाबा? सगळे बहीणच म्हणतील."

बुलढाण्याच्या स्टँडवर उतरलो तर तिचा फोन वाजला. तिनं नाव पाहिलं, उचलला नाही. माझ्या हातात दिला.

"तुम्हीच सांगा त्याला. तुम्हाला सांगता येतं."

मी फोन कानाला लावला. तिकडून पोरगा "हॅलो, हॅलो" करत होता.