दवाखान्यातलं तिवर

पनवेलच्या एका दातांच्या दवाखान्यात ती माझ्या शेजारी बसली होती. करंज्याकडची कोळीण. सुजलेल्या गालावर पदर दाबून समोरच्या काचेच्या टाकीतले मासे बघत होती.

"दर आठवड्याला पाणी बदलते, तरी मासे मरगळलेलेच," रिसेप्शनवरची मुलगी मला सांगत होती.

कोळीण उठली. टेबलावरच्या बाटलीतला मनी प्लांट तिने न विचारता उचलला, लेकीचे केस सोडवावेत तशी त्याची मुळं बोटांनी सोडवली आणि वेल टाकीच्या कडेला अडकवला. पानं वर, मुळं पाण्यात.

"बाय, माशाची घाण पान्यातच ऱ्हाते. ती खायला कुनी नको? आमच्या खाडीत तिवरं व्हती, ती खायची."

तिवरं म्हणजे खाडीच्या चिखलात पाय रोवून उभी असतात ती झाडं. "होती म्हणजे?" मी विचारलं.

"भराव पडला," ती म्हणाली आणि पुन्हा गाल धरून बसली.

पुढच्या खेपेला डॉक्टर म्हणाले, "बरोबर सांगितलं तिने. पाण्यात साचलेलं नायट्रेट मुळं हळूहळू शोषून घेतात."

ती पुन्हा दिसली नाही. वेल आता पडद्याच्या दांडीपर्यंत पोचलाय. तिथल्या मंद उजेडात पांढऱ्या मुळांमधून मासे सावकाश ये-जा करतात, आणि बघता बघता मला भरती चढल्यासारखं वाटतं.

परवा एक पेशंट पान खुडायला गेला. खाडी कधी न पाहिलेली रिसेप्शनवरची ती मुलगी खुर्चीतूनच म्हणाली, "काका, तिवराला हात लावू नका."