न बोलण्याची वकिली

अबोल वकील. वयाची एकूण वर्षे एकाहत्तर; त्यांपैकी वकिलीची चव्वेचाळीस; त्यांपैकी न्यायालयात बोलण्यात गेलेला काळ, एक सकाळ. सनदेवर त्यांचे नाव चांगले भारदस्त होते, परंतु ते सनदेबरोबर भिंतीवरच टांगलेले राहिले. गावभर त्यांना अबोल वकील म्हणत, आणि दारावरच्या पितळी पाटीवर अखेरीस त्यांनीही तेच कोरून घेतले.

पहिल्याच खटल्याच्या दिवशी त्यांची दाढ सुजली होती. गालाला रुमाल बांधून ते उभे राहिले, तोंड उघडू गेले, आणि कळ थेट मस्तकात गेल्यामुळे नुसती मान हलवून खाली बसले. समोरचे वकील त्या धंद्यात मुरलेले. या पोराने चकार शब्द न काढता मान हलवली, त्या अर्थी याच्या हाती काहीतरी लागले आहे, असे त्यांच्या मनाने घेतले. मग कोणीही न घेतलेले आक्षेप ते आपणहून खोडून काढू लागले. आणि असाच एक आक्षेप खोडताना आपल्या अशिलाने करारावर मागाहून सही केली, हे त्यांच्याच तोंडून निसटले. दावा तिथेच आडवा झाला.

दाढ बरी झाली, ख्याती मात्र सुजतच गेली. लाकडाच्या वखारवाल्याचे आणि वीटभट्टीवाल्याचे हद्दीवरून वाजले होते. वखारवाला या नव्या वकिलाकडे जाणार, अशी कुणकुण लागताच वीटभट्टीवाला आदल्या दिवशीच हजर झाला.

"साहेब, माझ्या बाजूने उभं राहायची तसदी घेऊ नका," तो पाकीट पुढे सरकवत म्हणाला. "फक्त त्याच्या बाजूने राहू नका."

"मग मी करायचं काय?"

"बसायचं."

ज्याचे पैसे घेतले त्याच्याविरुद्ध वकिलाने उभे राहू नये, हा या व्यवसायाचा सरळ दंडक. अबोल वकिलांची सारी मालमत्ता या एका दंडकावर उभी राहिली. गावातले इतर नामांकित वकील बोलून श्रीमंत झाले होते. त्यांचे घसे बसत, रक्तदाब चढे, आणि दावा हरला की अशील फी बुडवी. अबोल वकिलांचा अशील कधी हरलाच नाही, कारण त्या पहिल्या खटल्यानंतर त्यांनी कोणाचा दावा चालवलाच नाही. पुढे वखारवाल्यासकट सारे व्यापारी वर्षाच्या सुरुवातीला येत, गेल्या वर्षीच्या गप्प बसण्याबद्दल आभार मानत आणि पुढच्या वर्षाचे पैसे ठेवून जात. दोन भावांनी तर अद्याप भांडण झालेले नसताना, एकमेकांना न सांगता, खबरदारी म्हणून वेगवेगळे पैसे भरले होते. दुमजली घर झाले, मोटार आली, सागवानी मेजावर काच बसली. काचेवर कधी कागद म्हणून पडला नाही.

"अहो, घरी तरी बोला," बायको म्हणे. "इथे गप्प बसायचे तुम्हाला कोण पैसे देतंय?"

ते हसत. परंतु आतून त्यांना एकच धास्ती होती: आपल्याला काहीच येत नाही, आणि ज्या दिवशी आपण तोंड उघडू त्या दिवशी हे गावाला कळेल.

तो दिवस त्यांच्या थोरल्या बहिणीने आणला. ताई दोन जिने चढून कचेरीत आली आणि मेजाच्या काचेवर नोटीस आपटून म्हणाली, "धाकट्या, फरशीवाला मला घराबाहेर काढतोय. दोन खोल्या पाडून त्याला फरश्या मांडायला दालन करायचंय. तीस वर्षं भाडं भरलंय मी."

वकिलांचा चेहरा उतरला. "ताई, मी तुला चांगला वकील गाठून देतो."

"म्हणजे तू चांगला नाहीस?"

"तसं नाही गं. फरशीवाल्याविरुद्ध मला उभं राहता येत नाही. त्याचे पैसे घेतलेत मी."

"कशाचे?"

"उभं न राहण्याचे."

ताईने चष्मा काढला, पदराने पुसला आणि पुन्हा लावला. "मशीनवर लोकांचे कपडे शिवून तुला शिकवलं मी. वाटलं होतं, कशासाठी तरी एकदा उभा राहशील."

दुसऱ्या दिवशी वकील फरशीवाल्याच्या दुकानी गेले. त्याचा एकही कागद त्यांनी कधी पाहिलेला नव्हता; तेव्हा घेतलेले सारे पैसे परत केले की नियमाची अडचण उरत नव्हती. फरशीवाला "अहो साहेब, राहू द्या, राहू द्या" म्हणत मागे मागे सरकत राहिला. त्यांनी नोटांची पुडकी नमुन्याच्या फरश्यांवर ठेवली आणि ते बाहेर पडले.

तारखेच्या दिवशी ते आठ मुद्दे लिहून घेऊन उभे राहिले. आवाज प्रथम फाटका आला, मग लागला. पहिला मुद्दा ताईच्या स्वयंपाकघरातील खिडकीचा होता. ती कोणत्या दिशेला आहे, तिच्याखाली मशीन केव्हा ठेवले, उजेड कसा पडतो, सुईत दोरा ओवायला दिवा का लागत नाही, हे ते सांगतच राहिले.

"वकीलसाहेब, या खिडकीचा कायद्याशी संबंध काय?" न्यायाधीशांनी विचारले.

"तिकडेच येतोय, साहेब."

ते तिकडे येत नव्हते, आणि हे त्यांना पक्के ठाऊक होते. ताईच्या खोल्या आपल्याच हातून जाताना दिसत होत्या. मागच्या बाकावरून ताई मात्र "मोठ्याने बोल, मोठ्याने" म्हणून खुणावत होती.

बाहेर हाहाकार उडाला होता. अबोल वकील बोलत आहेत, ही बातमी बाजारात पोचली आणि दुकाने तशीच टाकून त्यांचे अशील धावले. जेवणाच्या सुट्टीत सर्वांनी फरशीवाल्याला पाण्याच्या माठापाशी गाठले.

"दोन खोल्यांपायी आम्हाला सगळ्यांना खड्ड्यात घालतोस?" वखारवाला ओरडला. "एकदा त्याची जीभ सुटली की आम्ही भरलेले पैसे गेले पाण्यात!"

"अरे, त्याला काही येत नाही! सकाळपासून नुसती खिडकी चाललीय."

"एका खिडकीवर सकाळ काढली त्याने," वीटभट्टीवाला म्हणाला. "आठ मुद्दे आहेत म्हणे. दार यायचंय अजून!"

फरशीवाल्याने हातातला पेला खाली ठेवला.

सुट्टी संपताच तडजोड दाखल झाली. ताईने त्याच भाड्यात हयातभर तिथेच राहावे. फरशीवाल्याची अट एवढीच, की वकीलसाहेबांनी पुढील मुद्दे वाचू नयेत. न्यायाधीशांनी तीवर तत्परतेने सही केली.

सायंकाळी फरशीवाला पुडकी घेऊन वकिलांच्या दारी आला आणि वर तेवढीच आणखी ठेवून गेला. इतरांनीही आपापली रक्कम न मागता वाढवली. एकटी ताई नाराज होती. "उरलेले सात कुठायत? तडजोड त्यांच्याशी झालीय, माझ्याशी नाही." तेव्हापासून दर रविवारी वकील त्या खिडकीखाली उभे राहून एकेका मुद्द्यावर युक्तिवाद करू लागले. ताई शिवता शिवता आक्षेप घेई, आणि बहुतेक आक्षेप बरोबर असत. त्यामुळे एकेक मुद्दा वर्ष-दीड वर्ष चाले.

ती त्याच खोल्यांत वारली, तेव्हा सहावा मुद्दा अर्ध्यावर होता. पुढे वकीलही गेले. घर, मोटार आणि ठेवी यांची वाटणी विनातक्रार झाली. देणे राहिले ते अडीच मुद्द्यांचे. बायकोने एकदा ते ऐकण्याची तयारी दाखवली होती. परंतु हे ताईचे आहेत, एवढे सांगून ते गप्प बसले होते.