गाठीची वाटणी

लॅबमधलं बाहेर सांगायचं नाही, असं आईनं मला बजावलंय. ती हिंगोलीतल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे आणि शाळा सुटली की मी तिथंच कोपऱ्यात बसते. किस्से आपोआप साठत जातात. नावं तरी सांगत नाही.

एकांनी गाठीचा तुकडा लोणच्याच्या बरणीत आणला होता. "बरणी धुतली हाय मॅडम." डॉक्टर मॅडमनी बराच वेळ आत पाहिलं. "यातला गाठीचा कोणता आणि कैरीचा कोणता?"

मूत्राशयाच्या कॅन्सरचे काही प्रकार मायक्रोस्कोपखाली भलतेच दिसतात. मॅडम ते डबा खाताना समजावतात. एकातल्या पेशी साबुदाण्यासारख्या असतात म्हणाल्या, त्या दिवशी आईचा उपवास होता. खिचडी मला मिळाली.

दुसऱ्या एका प्रकारात पेशी घरट्यांसारखे पुंजके करून बसतात. वरून निरोगी वाटतात, पण खाली स्नायूत शिरलेल्या असतात. "दिसायला गरीब, चालीनं बदमाश," मॅडम म्हणाल्या.

"म्हणजे आमचे भाऊजी," आई म्हणाली.

हाच प्रकार साखरा गावाकडच्या एका आजोबांना निघाला. त्यांच्या दोन मुलांची शेताची वाटणी नुकतीच झालेली. दोघांचा एकमेकांवर विश्वास नाही, म्हणून तपासायला आणताना वाटेत सेनगावच्या हॉटेलात त्यांनी गाठीच्या तुकड्याचेही दोन हिस्से केले आणि दोन लॅबना दिले. धाकट्याचा रिपोर्ट आला, काही नाही. थोरल्याचा हिस्सा आमच्याकडे आला होता, त्यात निघाला कॅन्सर.

"माझ्याच वाट्याला खराब काहून? शेतातबी खडकाळ मलाच," थोरला म्हणाला.

धाकट्यानं त्या लॅबमधून परत आणलेला हिस्साही मॅडमना तपासायचा होता. त्याशिवाय घरचे ऑपरेशनला तयार होईनात. धाकटा म्हणाला, "माझा हिस्सा चांगला हाय. म्या न्हाई देणार."

बाकावरून आजोबा उठले. "मी आजून जित्ता हाय. वाटणी रद्द. दे तिकडं."

त्या हिस्स्यातही तीच घरटी होती, फक्त वरच्या वर, स्नायूत न शिरलेली, म्हणून त्या लॅबला निरोगी वाटली. दोघा भावांनी ऑपरेशनच्या कागदावर सह्या केल्या. ऑपरेशन झालं.

काढलेलं मूत्राशय तपासायला आलं, तेव्हा बादलीची एकच कडी दोघांनी धरली होती. तेवढ्यात दवाखान्यातून आजोबांचा फोन आला. "मॅडम, माल पुरा आला नव्हं? पोरं सेनगावला चहाला थांबले व्हते, म्हणून इचारलं."

मॅडमनी फोन कानालाच ठेवून झाकण काढलं, आत वाकून पाहिलं आणि—

आले गं आई. नाही, लॅबमधलं काहीच सांगत नव्हते कुणाला.