परचुरे डॉक्टरांची उलटी मोटार

सांगलीच्या गावभागात विष्णुपंत परचुरे नावाचे दातांचे डॉक्टर राहत. लढाई संपल्यावर विलायतेला परत निघालेल्या एका साहेबाकडून त्यांनी जुनी मोटार घेतली. पेट्रोल कुपनावर मिळायचं, त्यामुळे गाडी फिरायची कमी आणि पुसली जायची जास्त. पण दारात उभी राहिली तरी तिचा रुबाब होता.

एकदा तेल बदलायला म्हणून त्यांनी ती कंपनीच्या एजंटाच्या वर्कशॉपात दिली आणि तिथे बिघडलं. गाडी नव्हे, विष्णुपंत. वर्कशॉपाचे मॅनेजर गंगाधरराव टाय लावून बाहेर आले, बॉनेटवर हात ठेवून डोळे मिटून उभे राहिले आणि म्हणाले, "ठेवून जा. चार वाजता भेटायला या."

"भेटायला? तेल तर बदलायचंय."

"ते आम्ही बघू. तुम्ही आत येऊ नका, तिला त्रास होतो."

पुढे विष्णुपंत रोज चार वाजता जाऊन बाकावर बसत आणि काचेतून गाडी बघून परत येत. दवाखान्यात माणूस असलं की डबा पाठवायचा, ही चारुशीलाबाईंची, म्हणजे त्यांच्या पत्नीची, सवय. त्यांनी कामगारांसाठी खिरीचा डबा पाठवला. दुसऱ्या दिवशी गंगाधरराव म्हणाले, "अजून थोडे दिवस ठेवावी लागेल. अशक्तपणा आहे." डबा बंद झाला तसा गाडीला डिस्चार्ज मिळाला.

विष्णुपंतांनी अंगणात गाडी उभी करून जाहीर केलं, "आजपासून या गाडीला परका हात लागणार नाही. मी माणसाच्या जबड्यात हात घालतो, हे तर नुसतं लोखंड."

आणि खरोखरच सुरुवात झकास झाली. त्यांनी तेल काढलं, नवं भरलं. दात साफ करायच्या आकड्यांनी प्लगांची काजळी खरवडली. रेडिएटरचं पाणी बदलून वर सवयीने दोन लवंगा टाकल्या. गाडी एका हँडलात सुरू झाली. तिथेच थांबले असते तर पुढचं काही घडलं नसतं. पण त्यांना मागच्या आसात करकर ऐकू आली. "कीड लागलीय," ते म्हणाले.

उखळ, पाटा आणि पाहुण्यांच्या खाटेचे पाय यांचा टेकू देऊन त्यांनी गाडीचं मागचं अंग उचललं. आस सोडवला. आतलं मोठं दातेरी चाक पाहून त्यांचा चेहरा उजळला. "बघ, बत्तिशी!" त्यांनी पत्नीला हाक मारली. एकेक दात ब्रशने घासून, रॉकेलने धुऊन, ग्रीस भरून त्यांनी चाक परत बसवलं. उरलं काहीच नाही. एक वॉशरसुद्धा नाही. विष्णुपंतांनी हात धुतले आणि चहा मागितला.

चहा पिऊन त्यांनी गाडीचा पहिला गिअर टाकला आणि गाडी मागे गेली. दुसरा टाकला, ती आणखी जोरात मागे गेली. तिसऱ्याला शेजारच्या धोंडुबाईंची तुळस वाचली ती केवळ हँडब्रेकमुळे. शेवटी त्यांनी रिव्हर्स टाकला, तेव्हा गाडी पुढे सरकली, पण म्हातारा माणूस जिना चढतो तशी. दातेरी चाक दोन्ही अंगांनी सारखंच बसत होतं आणि विष्णुपंतांनी ते नेमकं उलट्या अंगाने बसवलं होतं.

"वर्कशॉपात न्या," चारुशीलाबाई म्हणाल्या.

"मेलो तरी नाही."

"मग पुन्हा खोला."

"खोलणार नाही. गाडीत काहीही बिघाड नाही. तिची फक्त दिशा बदललीय."

अडचण एकच होती. वर्षानुवर्षं लोकांच्या तोंडात वाकून बघितल्यामुळे विष्णुपंतांची मान मागे वळत नसे. तेव्हा चारुशीलाबाई मागच्या सीटवर गुडघे टेकून, मागच्या काचेतून बघत, रस्ता सांगू लागल्या. पहिल्याच दिवशी त्यांनी "डावीकडे!" म्हटलं, यांनी आपली डावी धरली आणि गाडी कडब्याच्या गंजीत घुसली. मग डावं-उजवं सोडून "नदीकडे" आणि "देवळाकडे" असं ठरलं. गावात ते छान जमलं.

बाईंची धाकटी बहीण विनोदिनी इस्लामपूरला दिलेली होती. तिच्या मुलाचं बारसं आलं. सकाळीच दोघं निघाली, पाठ पुढे करून, तिसऱ्या गिअरमध्ये. गावाबाहेर नदी आणि देऊळ संपलं, तेव्हा "उसाकडे" आणि "ज्वारीकडे" सुरू झालं. दोन्ही बाजूंना ऊस लागला की गाडी थांबवून विचार करावा लागे.

संस्थानची हद्द संपत होती तिथे नाका होता. नाक्यावरचा शिपाई आकाराम हात आडवा करून उभा राहिला.

"गाडी आली का चालली?"

"चालली. इस्लामपूरला," विष्णुपंत म्हणाले.

"मग त्वांड सांगलीकडं कसं?"

"ते तसंच असतं."

"आवं डाक्टर, आमाला हुकूम हाय. त्वांड बगून सोडायचं. त्वांड सांगलीकडं, मंजी गाडी आली. आलेल्या गाडीची झडती हुतीया." त्याने डिंकाच्या लाडवांचा डबा उघडला. "ह्यो माल कुटला?"

"सांगलीचा."

"सांगलीचा माल घिऊन सांगलीलाच आला व्हय? लय भारी! काय डाव हाय?"

"अहो, आम्ही सांगलीहून निघालोय!"

"मग निगालेल्या गाडीवानी उबी करा."

विष्णुपंतांनी गाडी वळवून तोंड इस्लामपूरकडे केलं. आकारामने सोडलं. विष्णुपंतांनी रिव्हर्स टाकला, गाडी म्हाताऱ्यासारखी सरकू लागली. शेजारून एक शेळी पुढे निघून गेली. तेव्हा मात्र चारुशीलाबाई उतरल्या आणि गाडी पुन्हा फिरवायला लावून आकारामसमोर उभ्या राहिल्या.

"दादा, बैलगाडीचं तोंड कुठं असतं?"

"बैलाकडं."

"का?"

"त्येला वाट दिसती म्हून."

"या गाडीत वाट कुणाला दिसते? मला. मी कुठं बघते? मागच्या काचेतून. मग तोंड कुठलं?"

आकाराम गाडीभोवती एक चक्कर मारून आला. विष्णुपंतांकडे बघितलं, ते सांगलीकडे तोंड करून बसले होते. "मंजी ह्ये न्हाईतच," तो स्वतःशी म्हणाला. "बाईसाब त्वांड हायती." आणि त्याने बाईंना सलाम ठोकला. डबा परत करताना त्यातला एक लाडू कमी होता.

इस्लामपुरात विनोदिनीच्या सासऱ्यांनी पाहुण्यांची गाडी पाठमोरी दारात येताना बघितली आणि ते हळवे झाले. "अजून आलात नाही तर निघालात कुठे? काय चुकलं आमचं?" ते म्हणाले. शेवटी हाताला धरून आत न्यावं लागलं. सासऱ्यांना, म्हणजे.

ही हकिगत सांगलीत पोचली. गंगाधरराव एका संध्याकाळी स्वतः टाय न लावता आले. "डॉक्टर, लोक म्हणतात ही आमच्या कंपनीची गाडी. फुकट नीट करून देतो. हवं तर आत बसून बघा."

विष्णुपंतांचा चेहरा विरघळला होता. पण उत्तर आतून आलं. "नको," चारुशीलाबाई म्हणाल्या. "लग्न झाल्यापासून हे पहिल्यांदाच मी सांगेन तिकडे जातायत. गाडी आहे तशी राहू द्या."

विष्णुपंतांनी बायकोकडे पाहिलं. कंपनीला नाही म्हणायला त्यांच्याजवळ इतकं चांगलं कारण कधीच नव्हतं.

गाडी गेली ती वेगळ्याच कारणाने. आटपाडीकडचा लालासाहेब नावाचा शेतकरी दाढ काढायला आला होता. गाल धरून ओट्यावर बसला असताना त्याने ती गाडी धावत मागे जाताना आणि नेटाने हळू पुढे येताना पाहिली, आणि दाढ विसरला. विहिरीवरचे मोटेचे बैल तेच करतात. उताराच्या धावेवरून खाली जाताना जोर लावून मोट ओढतात आणि रिकामे मागे मागे वर येतात. "आवं, ही मोटार न्हाई, ही मोट वढायचीच हाय," तो म्हणाला. सौदा तिथेच झाला. चारुशीलाबाईंनी निघताना नाराजीनेच गाडीची मागची काच पुसून दिली.

आटपाडीला गाडीने खरंच पाणी काढलं. इतक्या वेगाने काढलं, की न्याहारीपर्यंत विहिरीचा तळ दिसू लागला आणि झरा भरून येईपर्यंत दिवसभर काही काम उरेना. बैल सावलीत रवंथ करत, गाडी तापत उभी, आणि लालासाहेब तिच्या मागच्या सीटवर झोपलेला. त्याची आई रंगुबाई हे काही दिवस बघत राहिली. मग एका सकाळी तिने दार उघडून त्याच्या हातात काठी दिली.

"येंत्रानं लय येळ वाचीवला गड्या," ती म्हणाली. "जा, मेंढरं चारून आण."