अकरा बावन्नची नोंद

१४ ऑगस्ट, दुपारचे साडेतीन. काम: सोसायटीच्या पार्किंगमध्ये दोन स्पीकर, एक मिक्सर आणि तीन माइक जोडून तपासणे. मी लष्कराच्या सिग्नल्समधून, म्हणजे संदेशवहन विभागातून, मेजर म्हणून निवृत्त झाले, त्यामुळे कर्वेनगरातल्या आमच्या सोसायटीत वायरीचं कुठलंही काम माझ्याकडे येतं. बल्ब गेला तरी येतं. माझी तक्रार नाही.

दुसऱ्या दिवशी सव्वाआठला झेंडावंदन आणि त्यानंतर तीन गाणी होती. दोन सोसायटीतल्या मुलांची. तिसरं जवळच्या कॉलेजातल्या दोन मुलींचं, एक गाणार आणि दुसरी हलगी वाजवणार. गाणाऱ्या मुलीचं नाव प्रज्ञा. वय एकवीसच्या आसपास, उभी राहण्याची पद्धत ताठ. मी तिला माइक दिला आणि म्हटलं, "एक कडवं म्हण. आवाज बघायचाय."

तिनं हलगीवर म्हणायला सुरुवात केली.

*बातमीवाल्या, आवाज कमी कर,*
*घरात माझी आई आहे.*
*तू म्हणतोस, तो गर्जत गेला,*
*तुझ्याकडे त्याची काय सही आहे?*

*स्टुडिओत थंडी, चेहऱ्याला पावडर,*
*तिथून तू युद्धाला निघतोस रोज.*
*खालच्या पट्टीत माझा बाप सरकतो,*
*वरच्या पट्टीत साबणाचा डोस.*

*माझा बाप हळू बोलायचा,*
*शेजारी झोपलेत म्हणायचा.*
*त्याच्या तोंडात घोषणा कुणी घातली?*
*तो फोनवर फक्त 'ओव्हर' म्हणायचा.*

आवाज चांगला येत होता. मी ट्रेबल थोडा कमी केला.

आमचे चेअरमन केळकर खुर्च्या मोजत होते, ते थांबले. केळकर बँकेतून निवृत्त झालेत आणि कुठल्याही अर्जात चूक शोधू शकतात. ते म्हणाले, "पंधरा ऑगस्टला देशभक्तीपर गीत असतं. हा चॅनेलवाल्यांविरुद्धचा तक्रार अर्ज आहे. पोहोच कुणी द्यायची, आम्ही?"

"काका, तक्रार अर्जच आहे," प्रज्ञा म्हणाली. "सतरा वर्षं कुणी घेत नाहीये."

"हे बघ, सैनिकांचा अपमान होईल असं काही आमच्या आवारात चालणार नाही. मेजर, तुम्ही फौजी. तुम्ही नाही म्हणालात की विषय संपला."

प्रज्ञा माझ्याकडे वळली. "तुम्ही फौजेत होतात? मग एक सांगा, मॅडम. माणूस मरताना खरंच घोषणा देतो का? आमच्याकडे साहेबांचं पत्र आहे, त्यात तसं लिहिलंय. आईनं लॅमिनेट करून ठेवलंय. पण बाबा तसे नव्हते, असं ती म्हणते. ते मोठ्यानं बोलायचेच नाहीत."

मी विचारलं, "वडिलांचं नाव?"

"नायक मिलिंद साळवे. सिग्नल्स."

मी मिक्सर बंद केला. मग चालू केला. का, ते आजही सांगता येणार नाही. केळकर काहीतरी बोलत होते, त्यांचे ओठ हलताना दिसत होते. मी त्यांना सांगितलं, "उद्या सकाळी कळवते." आणि घरी गेले. तिसरा माइक तपासायचा राहिला.

ते पत्र साहेबांचं नव्हतं. माझं होतं. त्यावर माझी माहेरच्या आडनावाची सही आहे, म्हणून प्रज्ञाला कळलं नाही.

तेव्हा मी कॅप्टन होते. पोस्टिंग सीमेवरच्या एका ब्रिगेड मुख्यालयात. ठिकाणाचं नाव लिहीत नाही. माझ्याकडे सिग्नल सेंटर होतं आणि मुख्यालयापासून नऊ किलोमीटरवर, एका डोंगरधारेवर, तीन माणसांची रिले पोस्ट. डोंगराच्या पलीकडे असलेल्या कंपनीचा रेडिओ आमच्यापर्यंत थेट पोहोचत नसे. मधल्या धारेवरचा सेट त्यांचा निरोप उचलून आमच्याकडे देई, आमचा त्यांच्याकडे. तो सेट बंद पडला तर पलीकडची नव्वद माणसं मुकी झाली, इतकं साधं गणित होतं.

रिले पोस्टचा प्रमुख नायक साळवे. वय एकतीस. घर वारज्याला, बायको बालवाडीत शिकवायची, मुलगी चार वर्षांची. मीही पुण्याची, सदाशिव पेठेतली. तो खाली आला की दोन मिनिटं मराठीत बोलायचा. एकदा मी विचारलं, "वर काही कमी आहे का?" तो म्हणाला, "माणसं कमी आहेत मॅडम. तीन जणांत भांडण झालं की मध्यस्थी करायला चौथा नाही."

रेडिओवर मात्र मराठी चालत नसे. रेडिओच्या नेटवर ठरलेली भाषा, ठरलेले शब्द. घरची भाषा बोलणं म्हणजे शिस्तभंग, त्याची नोंद होते आणि बढतीच्या वेळी ती नोंद पुढे येते. मी हा नियम कडक पाळत होते. बाई अधिकारी ढिली असते असं म्हणायची सोय कुणाला ठेवायची नव्हती.

सेटसमोर बसलेला ऑपरेटर प्रत्येक निरोप वेळेसह लॉगबुकात लिहितो. ऐकू आलं पण समजलं नाही, तर तो लिहितो 'अनरीडेबल'. त्या दिवशी लॉगवर लान्स नायक मुरुगन होता. तमिळ मुलगा. अक्षर सुंदर, मराठी शून्य.

सकाळी ११०५ ला धारेवर पहिला गोळा पडला. १११८ ला साळवेनं कळवलं की त्याची दोन्ही माणसं जखमी आहेत. ११३० ला खालच्या पोस्टवरची तुकडी पोहोचली आणि दोघांना स्ट्रेचरवर घेऊन उतरू लागली. त्याच वेळी पलीकडच्या कंपनीवरही मारा सुरू झाला होता आणि तोफखान्याला लक्ष्य सांगायला तोच एक सेट होता.

मी स्वतः हँडसेट घेतला. "सेट चालू ठेव. पर्यायी लिंक होईपर्यंत पोस्ट सोडू नकोस. ओव्हर."

"विल्को. ओव्हर." विल्को म्हणजे हुकूम कळला, पाळतो.

हा हुकूम बरोबर होता. आजही तोच देईन.

बावीस मिनिटं त्यानं एकट्यानं दोन्ही बाजूंचे निरोप पोहोचवले. एकही चुकला नाही. मग ११५२ ला सेटवर मराठी ऐकू आली. हळू आवाज, शेजारी कुणी झोपलं असावं तसा.

"मॅडम, साळवे बोलतोय. ते दोघं खाली गेले. इथं आता कुणी नाही. भीती वाटतेय. जरा बोलत राहा माझ्याशी. ओव्हर."

खोलीत सात माणसं होती. मराठी समजणारी मी एकटी. मुरुगननं माझ्याकडे पाहिलं.

मी म्हटलं, "यूज करेक्ट प्रोसीजर. ओव्हर."

दोन-तीन सेकंद गेले. "रॉजर. ओव्हर."

ओव्हर म्हणजे माझं झालं, आता तुम्ही बोला. मी बोलले नाही. दुसऱ्या टेबलावरचा फोन वाजला, पर्यायी लिंकबद्दलच होता, मी तो घेतला. ११५४ ला सेट गप्प झाला. पर्यायी लिंक ११५७ ला मिळाली. पलीकडची कंपनी वाचली. साळवेला १६२० ला खाली आणलं.

दुपारी मी लॉग तपासला. ११५२ समोर मुरुगननं 'अनरीडेबल' लिहिलं होतं. दुरुस्ती करणं माझं काम होतं. मला शब्द न् शब्द माहीत होता. पण दुरुस्त केलं असतं तर मेलेल्या माणसाच्या नावावर शिस्तभंग लागला असता, आणि 'भीती' हा शब्द सरकारी कागदावर राहिला असता. मी त्याला सांभाळतेय असं मला वाटलं. खाली सही केली. त्याच्या खालच्या ओळीत माझं उत्तर होतं, तेही मला परत वाचायचं नव्हतं. हे दुसरं कारण मी पुढे फार उशिरा स्वतःशी कबूल केलं.

संध्याकाळी वरच्या मुख्यालयातून एका कर्नलसाहेबांचा फोन आला. प्रेसनोट तयार करायची होती.

"त्याचा शेवटचा मेसेज काय?"

"रॉजर. त्याआधीचा अनरीडेबल, सर."

"म्हणजे काहीतरी बोलला तो?"

"हो, सर."

"मोठ्यानं?"

मी म्हटलं, "लॉगमध्ये तसं काही नाही, सर."

"ठीक आहे. तेवढं पुरे."

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणाच्या तंबूत टीव्ही लावला होता. एक निवेदक लष्करी रंगाचं जाकीट घालून हातवारे करत होता. मागे कॉम्प्युटरवर तयार केलेला डोंगर, त्यावर देवदाराची झाडं. आमच्या धारेवर एकही झाड नव्हतं. एक जवान हिंदीत म्हणाला, "ही पोस्ट आपल्याला द्या यार, सावली तरी आहे." कुणी हसलं. मग पडद्यावर साळवेचा ओळखपत्रावरचा फोटो आला. एका नटाच्या घोगऱ्या आवाजात त्याचे अखेरचे शब्द ऐकवले गेले, मागे तुताऱ्या. तीन वाक्यं, तिसरं म्हणजे घोषणा. ते दर वीस मिनिटांनी दाखवत होते.

तंबूत सगळे उभे राहिले. मीही राहिले. मुरुगननं मला विचारलं, "मॅडम, तो असं म्हणाला होता का?"

मी म्हटलं, "जेवून घे."

आठवड्यानं घरच्यांना पत्र लिहायचं होतं. ते त्याच्या अधिकाऱ्यानं लिहायचं असतं. मी तीन मसुदे फाडले. मग प्रेसनोटमधलं वाक्य जसंच्या तसं उतरवलं आणि सही केली. तोवर गावोगावी तेच वाक्य फ्लेक्सवर लागलं होतं, मी वेगळं लिहिलं असतं तर कुटुंबाला त्रास झाला असता, असं मी स्वतःला सांगितलं. चॅनेलवाल्यांना मी पुढे सतरा वर्षं शिव्या दिल्या, घरातला टीव्हीही काढून टाकला. पण जागा रिकामी ठेवली होती मी. त्यांनी भरली.

१५ ऑगस्टला सकाळी सहाला मी केळकरांना फोन केला.

"गाणं होणार. एक शब्दही कापायचा नाही."

"अहो मेजर, पण सभासद विचारतील..."

"माझ्याकडे पाठवा. झेंड्यानंतर मी अकरापर्यंत खालीच आहे."

"म्हणजे जबाबदारी तुमची?"

"हो. लिहून घ्या."

त्यांनी बहुधा खरंच लिहून घेतलं.

हलगी वाजवणाऱ्या मुलीकडून पत्ता घेतला आणि सहा चाळीसला वारज्याला पोहोचले. दुसरा मजला. दार प्रज्ञानं उघडलं. मला पाहून तिला वाटलं गाणं रद्द झालं. मी म्हटलं, "गाणं आहे. मला तुझ्या आईशी बोलायचंय."

तिची आई, सुनंदाताई, ओट्याशी उभ्या होत्या. चहा उकळत होता. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, त्याखाली साळवेचा, त्याच्या बाजूला माझं पत्र. मी माहेरचं नाव सांगितलं. त्यांनी पत्राकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"बसा ना," त्या म्हणाल्या.

मी उभ्यानंच सांगितलं. वेळांसह सांगितलं, कारण मला दुसऱ्या रीतीनं सांगता येत नाही. ११०५, १११८, ११३०. अकरा बावन्नची वाक्यं त्याची होती तशी म्हटली. माझं उत्तरही म्हटलं. मग लॉग, प्रेसनोट, पत्र. पाच मिनिटं लागली असतील.

सुनंदाताईंनी गॅस बंद केला. चहा गाळला नाही.

"परत सांगा. तो काय म्हणाला ते."

मी परत सांगितलं.

"भीती वाटतेय म्हणाला?"

"हो."

"आणि तुम्ही त्याला इंग्रजीत रागावलात."

"हो."

प्रज्ञा दारातच उभी होती. ती म्हणाली, "म्हणजे सतरा वर्षं तुम्हाला माहीत होतं. आणि काल मी तुमच्यासमोर ते गायले, तेव्हा तुम्ही माझा आवाज ॲडजस्ट करत होतात." मी हो म्हटलं. ती आत गेली. आतून काहीतरी आपटल्याचा आवाज आला.

सुनंदाताई खुर्चीवर बसल्या. हातातला चिमटा त्यांनी बाजूला ठेवला. "मी सतरा वर्षं त्याच्यावर रुसले होते," त्या म्हणाल्या. "कुणाला सांगता येईना. शहिदाच्या बायकोनं रुसायचं असतं का? पण मला वाटायचं, एवढी मोठमोठी वाक्यं बोलायला वेळ होता, आणि आमची आठवण एकदाही नाही? टीव्हीवरचा तो माणूस मला माझा नवरा वाटतच नव्हता. हा वाटतो. फोनवर माझ्याजवळ बोलण्यासारखं संपलं की असंच म्हणायचा, काहीही बोल, भाजीचा भाव सांग, पण बोलत राहा."

मी भिंतीवरच्या त्याच्या फोटोकडे वळले.

"तुम्हाला माफबिफ करायला मी आत्ता तयार नाही," त्या म्हणाल्या.

"मी त्यासाठी आले नाही."

"मग त्याचं अजून काय माहीत आहे ते सांगा. हे नको. साधं."

मी बसले. सांगायला लागले. वरती पाण्याचा बर्फ व्हायचा तेव्हा तो बॅटऱ्या रात्रभर स्वतःच्या स्लीपिंग बॅगमध्ये ठेवायचा. डब्यातली भेंडी त्याला अजिबात आवडायची नाही, ती तो बाकीच्या दोघांना वाढायचा आणि वर औदार्य दाखवल्याचा आव आणायचा. ते दोघे वाचले, एक सातारला आहे, एक हिमाचलमध्ये. त्याचं मोर्स पूर्ण ब्रिगेडमध्ये सर्वांत स्वच्छ होतं. मुलीनं काढलेलं एक चित्र त्यानं सेटच्या झाकणाला आतून चिकटवलं होतं, हत्ती होता की घर ते आम्हाला कुणालाच कळलं नव्हतं. "घर होतं," आतून प्रज्ञा म्हणाली.

पावणेआठला ती बाहेर आली. डोळे लाल, केस बांधलेले. "आई, उशीर होतोय. सव्वाआठला झेंडा आहे."

सुनंदाताई जागच्या हलल्या नाहीत. "झेंडा काय पळून जात नाही," त्या म्हणाल्या. "तुम्ही बोला."

मी बोलत राहिले.