मंगलचे कान

बालवाडीत हजेरीला वही असते, वजनाला वही असते. बायका जे बोलून जातात त्याला वही नसते, ते आपल्याजवळच साठत जातं. शिरूर अनंतपाळजवळच्या बालवाडीत मी बाई होते, तिथलं हे असंच साठलेलं. लातूर जिल्हा तेव्हा नुकताच वेगळा झाला होता आणि पाऊस दुसऱ्या वर्षीही आला नव्हता.

तीन वर्षांच्या मंगलला ताप आला आणि दोन्ही कान फुटले. पू वाहू लागला तशी तिची आजी निवांत झाली. म्हणाली, "घाण निघायलीय, निघू द्या." वरून लसणाचं कोमट तेल ओतलं.

महिन्याने नर्सबाई आल्या. कापसाच्या वातीने कान टिपून त्यांनी मंगलच्या आईला, अनुसयाला बजावलं, "मोठ्या दवाखान्यात ने. नाहीतर हिचं ऐकू येणं जाईल. आणि कानात पाणी जाऊ देऊ नको."

अनुसया म्हणाली, "सिस्टर, प्यायला न्हाई, कानात कुठून घालू?"

नर्सबाई हसल्या आणि कापसाची दुसरी वात वळू लागल्या.

वास यायचा म्हणून मुलं मंगलजवळ बसेनात. आमच्या मदतनीस शेवंतामावशींनी तिचं बसायचं पोतं दाराशी, वाऱ्याला टाकलं. मंगल तिथून येणाऱ्या प्रत्येकाला सांगायची, "मी बाई हाय." कुणी तिला नाही म्हटलं नाही.

दवाखान्याची चिठ्ठी मी लिहिली. जुने छापील कागद उरले होते, वर जुन्या जिल्ह्याचं नाव. वाया कशाला घालवायचे, म्हणून त्यातलाच एक वापरला. अनुसयाला वाचता येत नव्हतं. कंडक्टरने चिठ्ठी वाचली आणि तिला जुन्या जिल्ह्याच्या गाडीत बसवलं. तिथल्या दवाखान्यात सांगितलं, तुमचा जिल्हा आता लातूर, तिकडे जा.

परत आली तेव्हा ती मला रागावली नाही. एवढंच म्हणाली, "बाई, सरकारनं जिल्हा हलवला, पोरीचे कान तिथंच ऱ्हायले."

मग ती रोजगार हमीच्या कामावर अडकली. लातूरला जायला दोन महिने लागले. तिथल्या औषधाने कान वाळले.

एक दिवस अनुसया वाटीत साखर घेऊन बालवाडीत आली.

"घ्या बाई, तोंड गोड करा. कान वाळले. किरकिर न्हाई, रडणं न्हाई. काल दुपारी टँकर आला, भोंगा वाजवून ड्रायव्हरनं सारं गाव गोळा केलं, घागरीवरून बायांची भांडणं झाली. ही दारात निजली होती, हलली पण न्हाई. लई शांत झाली बघा."

शेवंतामावशींनी साखरेसाठी हात पुढे केला. मग मीही केला.