मावशी आधी बोलली

साइटवर सगळेच तिला मावशी म्हणत, पण सख्खा भाचा एकच. बहीण गेली तेव्हा तो धड चालतही नव्हता. बांधकामावर माल चढवायची लिफ्ट चालवून मावशीनं त्याला वाढवलं, शिकवलं. तो तिच्याच साइटवर सुरक्षा अधिकारी होऊन आला, तेव्हा तिला आभाळ ठेंगणं झालं.

पहिल्याच सकाळी त्यानं सगळ्यांना गोळा केलं. "अपघात झाल्यावर सगळेच धावतात. होता होता टळला, तो मला सांगा. पाना निसटला, फळी हलली, काहीही. कुणाला बोल लागणार नाही, कुणाचं नाव पुढे जाणार नाही."

माणसं आपापल्या बुटांकडे बघत राहिली. "म्हणजे आपणच आपल्या पायावर धोंडा पाडून घ्यायचा," दाढीवाला गवंडी पुटपुटला, तसा हशा पिकला.

मावशीला ते बघवेना. पोराची पहिलीच सभा, आणि अशी हसण्यावारी जावी? ती पुढे झाली.

"माझं ऐक. काल वर जाताना लिफ्टच्या दाराची कडी निघाली. विटांची हातगाडी घरंगळत पार कडेला आली. मी पाय आडवा घातला म्हणून थांबली. खाली माणसं डबा खात होती. कडी कधीचीच ढिली आहे. फोरमनला सांगून सांगून तोंड दुखलं, शेवटी मीच तारेनं बांधते."

भाच्यानं टाळ्या वाजवल्या. मग गवंड्यालाही धीर आला. पाय घसरून तो परांचीला कसा लोंबकळला होता, ते त्यानं सांगून टाकलं. त्या दिवशी घरी जेवताना भाचा म्हणाला, "मावशी, लाज राखलीस माझी."

पुढच्या आठवड्यात मोठे साहेब आले. मावशीला ऑफिसात बोलावणं आलं.

"दार तारेनं बांधून लिफ्ट चालवता? तुम्हीच कबूल केलंय म्हणे."

"फोरमनला विचारा की. किती वेळा सांगितलं!"

"मला कुणी काही बोललं नाही," फोरमन म्हणाला.

मावशीनं भाच्याकडे पाहिलं. तो हेल्मेटच्या पट्ट्याशी चाळा करत बसला होता. तिला लिफ्टवरून काढून वाळू चाळायला लावलं. गवंड्यालाही उंचीवरून खाली आणलं.

घरी तिनं विचारलं, "माझं नाव कुणी दिलं?"

"त्यांनी विचारलं, मावशी. माझी नोकरी नवी आहे. तुला घरी बसवणार होते, मीच रदबदली केली."

"आणि कडी?"

"मागवलीय."

"मी फोरमनला सांगितलं होतं, हे तुला ठाऊक होतं. तेवढं एक वाक्य तुझ्या तोंडून निघालं नाही?"

तो उठून बाहेर गेला. परक्यानं केलं असतं, तर चार शिव्या हासडून ती मोकळी झाली असती. याला काय म्हणणार? साइटवर गवंडी तेवढंच बोलला, "तुझ्या भरवशावर तोंड उघडलं गं मी." ते तिच्या जास्त जिव्हारी लागलं.

नवा लिफ्टवालाही तारच बांधत होता. एका दुपारी वाळूजवळून तिला दिसलं, वर दार उघडलंय आणि सिमेंटची गोणी कलतेय. "बाजूला व्हा!" ती जिवाच्या आकांतानं ओरडली. माणसं पांगली आणि गोणी मधोमध येऊन फुटली. सगळे पांढरेफटक.

भाचा धावत आला. "काय झालं? वरून पडली ना? कुणीतरी बोला!"

कुणी ब्र काढला नाही.

"मावशी, तू तरी सांग."

तिनं अंगावरचं सिमेंट झटकलं. "काही नाही, साहेब."

त्याचा चेहरा पडला. तो स्वतः वर गेला, तुटकी कडी घेऊन उतरला आणि फोरमन आरडाओरडा करत असतानाही लिफ्ट बंद करून टाकली. नवी कडी बसली. मावशीला लिफ्टवर परत बोलावलं. ती गेली नाही.

भाचा अजूनही रोज सकाळी सगळ्यांना गोळा करतो आणि कुणाला काही सांगायचंय का, असं विचारतो. मावशी सर्वांत मागे उभी असते. तो तिच्याकडे बघतो, तेव्हा ती चाळणी उचलून कामाला लागते.